हात मोडला म्हणजे नस गेली का? आणि "बोटं हलतायत ना" वर का थांबायचं नाही

नमस्कार मंडळी! फ्रॅक्चरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत येतोय, "हात मोडला की नस पण जाते का?" नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नाही हां, हालचाल आणि स्पर्शाचे संदेश नेणारी नर्व्ह. तर, बहुतेकांची नाही जात. टोरांटोच्या एका ट्रॉमा सेंटरचा १९९८ चा अभ्यास आहे, ५,७७७ पेशंट, त्यातले हातापायाची नस दुखावलेले १६२, म्हणजे शंभरात तीनही नाहीत. पण हा सगळ्या अपघातांचा मिळून आकडा झाला हां. दंडाचं हाड मधोमध मोडलं तर रेडियल नस (मनगट वर उचलणारी) शंभरात दहा-बारा जणांची दुखावते, कारण ती हाडाला लागूनच वळसा घालून जाते.

प्लास्टर, गोळ्या, हात उंच ठेवणं तुम्हाला माहितीच आहे, पुढे जाऊ. मला बोलायचंय ते एका वाक्यावर, "बोटं हलतायत ना, मग नस ठीक आहे." मी फिजिओ आहे, हे वाक्य ऐकलं की खरंच जीव तुटतो.

माझ्याकडे डिलिव्हरीचं काम करणारा एक मुलगा आला होता, बाइकवरून पडून दंड मोडलेला. बोटं छान मिटत होती म्हणून घरचे निर्धास्त, आणि प्लास्टर निघालं तेव्हा मनगट खाली लोंबतंय. अहो, बोटं मिटतात ती मीडियन आणि अल्नर नसेवर! रेडियल बघायची तर मनगट वर उचलायला लावा, अंगठा वर करून थम्स अप करायला लावा. ते कुणी करूनच घेतलं नव्हतं.

लहान मुलं पडली की कधीकधी कोपराच्या वरचं हाड मोडतं. तिथे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट टोकाला टेकवून गोल 'ओके' करायला सांगा. गोल न होता चपटं झालं तर आतली एक नस दुखावलेली असू शकते, आणि तिच्यामुळे बधिरपणा येतच नाही, म्हणजे "हात लावलेला कळतोय" यावरही विसंबू नका.

पायाचं पण तेच. गुडघ्याला मार लागलाय, बोटं खाली वाकतायत, सगळे खूश. वर उचलून दाखवा ना! पाऊल घोट्यातून वर येत नसेल तर पेरोनियल नस बघायला हवी.

एका ताईंनी विचारलंय, बी-ट्वेल्वच्या गोळ्या आणि तेलाची मालिश चालेल का. ताई, तुटलेली नस गोळीने जुळत नाही, आणि ताज्या फ्रॅक्चरवर मालिश तर अजिबात नको. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि तिकडे स्नायू फार तर वर्ष-दीड वर्ष वाट बघतो, म्हणून "बघू, येईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवलेलं बघवत नाही. बंद फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे कातडी न फाटता हाड मोडलं तर, बऱ्याच जणांची नस आपोआप सुधारते हे खरंय, पण तीनेक आठवड्यांनी ईएमजी (नस आणि स्नायूंची विजेची तपासणी) करून घ्या आणि तीन महिन्यांत काहीच हालचाल आली नाही तर नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवा. काचेने किंवा मांजाने कापलं असेल आणि पुढचं बोट बधिर असेल तर ही वाट बघायची नाही, वरून नुसते टाके घालून घरी येऊ नका, आत नस कापलीय का ते बघायला सांगा.

आणि प्लास्टर घातल्यावर दुखणं वाढतच चाललंय, बोटं सरळ करताना असह्य होतंय, मुंग्या येतायत, तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.