काळी माती कुणाला धरते, कुणाला सोडते

नमस्कार मंडळी. सोयाबीन-कापसाच्या भावाच्या गप्पा रोजच्याच, आज जरा मातीच्या पोटात शिरू, कारण आपण युरियाची गोणी फोडतो, पाणी देतो अन् पुढं त्याचं काय होतंय ते कुणी बघतच नाही.

मागच्या रविवारी मी रानातली मूठभर काळी माती वाळूत कालवली, कापलेल्या बाटलीत भरली (नुसती काळी माती घेतली तर पाणी उतरायचं नावच घेत नाही) आणि वरून मिथिलीन ब्लूचं निळंशार पाणी हळूहळू सोडलं. खालून आलं स्वच्छ पाणी! दुसऱ्या बाटलीत इओसिनचा लाल रंग ओतला, तो तसाच लाल टपकायला लागला. घरातली पोरं बघतच राहिली.

हा सगळा चार्जचा खेळ बघा. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिचे पापुद्रे इतके पातळ की १ ग्रॅमचे सगळे उलगडून अंथरले तर ७ गुंठे रान झाकेल, आणि त्या सगळ्यावर निगेटिव्ह चार्ज. निळा रंग पॉझिटिव्ह, म्हणून चिकटला. लाल निगेटिव्ह, त्याला मातीनं जवळच येऊ दिलं नाही.

खताचंही तसंच. पोटॅशचा आयन (म्हणजे चार्ज असलेला कण, हा पॉझिटिव्ह) थांबलेल्या साध्या पाण्यात दिवसाला जेमतेम २ सेंटीमीटर सरकतो, मातीत तर त्याहून कितीतरी कमी, कारण दर पावलाला कुणीतरी धरून ठेवतंय. नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचंच एक रूप, उलट निगेटिव्ह, म्हणून पापुद्र्यांपासून ढकललं जातं, भेगेच्या मधोमध येतं जिथं पाण्याला सगळ्यात जास्त वेग, आणि खाली निघून जातं. एकटं जात नाही बरं का, चार्जचा हिशोब जुळवायला सोबत कॅल्शियम घेऊन जातं.

ही धरसोड काही आजची माहिती नाही. १८५० साली इंग्लंडमध्ये जे. थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञांनी अमोनियाचं मीठ मातीतून गाळलं, तेव्हा अमोनिया मातीत राहिला आणि खालून कॅल्शियम निघालं.

आता युरिया. त्याला चार्जच नाही! म्हणून टाकल्या टाकल्या मोठा पाऊस आला तर तो पाण्याबरोबर सरळ खाली जातो. दोन-चार दिवस मिळाले की त्याचा अमोनियम होतो, तो पॉझिटिव्ह, म्हणून माती त्याला धरते, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतेत आणि परत पळापळ सुरू. मी तरी कापसाला युरिया आता तीन हप्त्यात देतो, आभाळ भरून आलेलं असलं तर गोणी उघडतच नाही, चार दिवस थांबतो.