गोड गळा आणि वस्तरा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'रक्तरंजित संगीतपट आणि आपली किशोरवयीन मुलं'. संगीतपट खूप असतील, पण मी आज एकाबद्दलच बोलणार आहे. टिम बर्टनचा २००७ सालचा 'स्वीनी टॉड'. कारण मुलांना काय दाखवायचं, हा प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम येतं. एक सिनेमा घ्यावा, त्यातलं एकेक गाणं घ्यावं आणि मग समोरच्या मुलाकडे बघावं.

बऱ्याच जणांनी तो पाहिलाय असं मी धरून चालते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनमध्ये एक न्हावी असतो. एका न्यायाधीशाचा त्याच्या बायकोवर डोळा असतो, म्हणून न्यायाधीश त्याला खोट्या आरोपाखाली काळ्या पाण्यावर धाडतो, पार ऑस्ट्रेलियाला. पंधरा वर्षांनी तो नाव बदलून, स्वीनी टॉड होऊन परत येतो आणि सूड घ्यायला वस्तरा हातात घेतो. खालच्या मजल्यावर मिसेस लव्हेटचं मीट पायचं दुकान असतं, खिम्याचं सारण भरून भट्टीत भाजलेल्या पायचं. धंदा बसलेला, मांस महागलेलं. वर गळे चिरले जातात आणि खाली दुकान चालायला लागतं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आणि हे सगळं गात गात.

ही गोष्ट मुळात आली कुठून, ते सांगायचा मोह मला आवरत नाही. १८४६-४७ साली लंडनच्या एका स्वस्त साप्ताहिकात ही क्रमशः छापून येत होती. पेनीला एक अंक, भडक चित्रं, भरपूर रक्त. वाचणारे कोण, तर कामकरी माणसं आणि पोरंसोरं. पुढे असल्या पेनी गोष्टींनी पोरं बिघडतात, अशी ओरड व्हिक्टोरियन शहाण्यासुरत्या लोकांनी वर्षानुवर्षं केली. म्हणजे आपण आज चर्चेला बसलोय ती चर्चा पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. पण एक फरक लक्षात ठेवा. त्या जुन्या गोष्टीतला न्हावी नुसता लोभी होता, गिऱ्हाइकाच्या खिशातल्या पैशासाठी मारायचा. त्याला दुःख दिलं ते ख्रिस्तोफर बाँडच्या १९७३ च्या नाटकाने. न्यायाधीश, गमावलेली बायको, हिरावलेली मुलगी, हे सगळं तिथून आलं. त्यावर १९७९ मध्ये स्टीफन साँडहाइमने गाणी रचली, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक आलं आणि त्याला आठ टोनी पुरस्कार, म्हणजे तिथले नाटकांचे मोठे पुरस्कार, मिळाले. लोभी खुन्याचा राग करणं सोपं असतं. हा माणूस दुःखी आहे आणि सुंदर गातो. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, पण ते पटवायला मला आमच्या सोसायटीत जावं लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे क्लबहाउसमध्ये मुलांसाठी सिनेमा लावतात. पांढरा पडदा, सतरंज्या, डब्यातून चिवडा. त्या वर्षी ज्यांच्याकडे सिनेमा निवडायचं काम होतं त्यांनी 'स्वीनी टॉड' लावला. त्यांचं गणित असं, की नायक जॉनी डेप, म्हणजे मुलांचा आवडता समुद्री चाचा. दिग्दर्शक तोच, चॉकलेटच्या कारखान्याचा सिनेमा काढणारा. आणि म्युझिकल! गाणी आहेत म्हणजे मुलांचं. या शेवटच्या वाक्याचा मला आजही राग येतो. गाणं आलं की गोष्ट निरुपद्रवी होते, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं? 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यातच उभं राहिलं ना? त्यात अभंग आहे, लावणी आहे, माणसांचा डुलणारा पडदा आहे आणि एका मुलीचा बळी आहे. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार? तिथलं गाणं क्रौर्य झाकत नाही, उलट ते जास्त खोल नेतं. इंग्रजी पोस्टर दिसलं की मात्र आपण हे विसरतो. अर्थात दोष एकट्या निवडणाऱ्यांचा नाही. या सिनेमाच्या जाहिरातीच्या तुकड्यांतही गाणं जवळजवळ लपवलेलंच होतं. कुणाला वाटलं भयपट, कुणाला वाटलं गाण्यांचा सिनेमा. दोन्ही एकत्र आहे, हे फारसं कुणी सांगितलंच नाही.

तर मी कामावरून परत आले आणि क्लबहाउसच्या दारात पोचले तेव्हा पडद्यावर पेटी होती. आठवतोय तो प्रसंग? पिरेली नावाचा ढोंगी न्हावी टॉडचं गुपित ओळखतो आणि पैसे मागतो. टॉड त्याला किटलीने बडवतो आणि पेटीत कोंबतो. तेवढ्यात पिरेलीचा पोऱ्या टोबी मालकाला शोधत वर येतो आणि नेमका त्याच पेटीवर बसतो. पेटीच्या फटीतून मालकाची बोटं बाहेर आलेली, थरथरणारी. पोराला पत्ता नाही. सतरंजीवरची आठ-नऊ वर्षांची मुलं खिदळत होती. टोबी खाली जातो, टॉड पेटी उघडतो आणि गळा चिरतो. पुढच्या क्षणी दोन लहान मुलं रडायला लागली आणि कुणीतरी प्रोजेक्टरची वायरच उपटली.

मग जे भांडण पेटलं ते महिनाभर चाललं. एक गट म्हणे, रक्त किती खोटं दिसतं, रंगाचा डबा सांडल्यासारखं, मुलं मोबाइलवरच्या गेममध्ये याहून जास्त बघतात. दुसरा गट म्हणे, यापुढे इंग्रजी सिनेमाच नको. दोन्ही गट रक्त मोजत होते, फक्त रक्त. आणि मला ज्याने अस्वस्थ केलं ते ऐका. पेटीच्या आधी, त्याच संध्याकाळी, त्याच पडद्यावर मुलांनी एक गाणं पाहिलं होतं. मिसेस लव्हेट न्हाव्याच्या बायकोचं काय झालं ते गाऊन सांगते. न्यायाधीशाच्या घरी मुखवट्यांची मेजवानी, त्या बाईवर बलात्कार होतोय आणि भोवतीचे मुखवटे हसतायत. त्यात रक्ताचा थेंब नाही. तेव्हा कुणी वायर काढली नाही. भांडणाच्या महिनाभरात त्या गाण्याचं नावही कुणी घेतलं नाही. क्लबहाउसमध्ये बसलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनी मात्र ते नक्की पाहिलं होतं.

त्यांतली एक, दहावीतली, दोन दिवसांनी मला जिन्यात भेटली. म्हणाली, "काकू, त्या पिरेलीला मारलं तेव्हा मला बरं वाटलं. तो टोबीला मारायचा ना. पण बरं वाटलं म्हणून मला रात्री झोपच लागली नाही." मी तिला घरी बोलावलं, चहा केला आणि आम्ही बराच वेळ बोललो. सोसायटीच्या सगळ्या मोठ्यांमध्ये मिळून जे एकाने ओळखलं नाही ते या मुलीने ओळखलं होतं. हा सिनेमा आपल्याकडून काहीतरी करवून घेतो.

कसं करवून घेतो ते बघा. न्यायाधीश दाढी करायला येतो. टॉडचा वस्तरा त्याच्या गळ्यावर आहे आणि दोघं मिळून एक द्वंद्वगीत गातात, सुंदर स्त्रियांबद्दल. काय चाल आहे ती! संथ, लडिवाळ, दोघांचे सूर एकमेकांत गुंतत जातात. आणि ऐकता ऐकता आपल्या मनात येतं, अरे, फिरव की आता! तुम्ही, मी, सगळे. तेवढ्यात दार उघडून टॉडच्या ओळखीचा एक तरुण खलाशी आत येतो, न्यायाधीश निसटतो, आणि आपण चुकचुकतो. खून झाला नाही म्हणून चुकचुकतो!

त्यानंतर टॉड ठरवतो की सगळेच मरायला लायक आहेत. मग तो आणि लव्हेटबाई खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघत वॉल्ट्झ नाचाच्या ठेक्यावर गातात, कुठल्या धंद्याच्या माणसाच्या मांसाचा मीट पाय चवीला कसा लागेल. पाद्री चवीला चांगला, फारशी पापं केलेली नसतात ना, त्यामुळे ताजा... हसलात. सगळे हसलात, पहिल्या रांगेतल्या आजीसुद्धा. हसायलाच हवं, ते गाणं विनोदीच आहे. पण आपण आत्ता कशाला हसलो, एवढं बघून ठेवा.

आणि टॉडचं, हिरावलेल्या मुलीच्या आठवणीचं ते गाणं. टॉड एकापाठोपाठ एक गळे चिरतो, खुर्ची उलटते, प्रेत तळघराच्या फरशीवर डोक्यावर आदळतं, कवटीचा आवाज येतो. आणि त्याचा आवाज एकदाही चढत नाही. तो मुलीला आळवतोय, शांतपणे, बापाच्या मायेने. मध्येच एक गिऱ्हाईक बायको आणि लहान मुलीला घेऊन येतं. त्याची नुसती दाढी होते, तो सुखरूप घरी जातो. मी हा प्रसंग...

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. बरं, मग 'दाखवायचा की नाही' हे जे पत्रिकेत कबूल केलंय ते भराभर सांगते.

प्रमाणपत्रावर विसंबू नका, पण ते वाचा. अमेरिकेत याला 'आर' मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर जाऊ शकतं. ब्रिटनमध्ये '१८', तिथे बाप बरोबर असला तरी प्रवेश नाही. आपल्याकडचं 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्रही तसंच कडक. २०२४ पासून 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचे, ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले, ते मला चांगलं पाऊल वाटतं, कारण आठ वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल एका रांगेत बसवणं हाच मूळ घोटाळा होता. आणि गंमत बघा, सिनेमाला 'आर' देणाऱ्या त्याच अमेरिकेत या नाटकाची शाळांसाठी खास आवृत्ती मिळते आणि हायस्कूलची मुलं ती रंगमंचावर करतात. कारण तिथे ती मुलं आधी महिनोन्महिने गाणी बसवतात, न्हावी असं का वागतो यावर शिक्षकांशी बोलतात. सिनेमात चेहरा जवळून दिसतो, जखम जवळून दिसते. सगळं चित्र राखाडी आणि रक्त तेवढं भडक, तेही मुद्दाम. मधे श्वास घ्यायला जागा नाही.

म्हणून आधी तुम्ही पाहा, एकट्याने, शेवटपर्यंत. मग मुलाला नुसती गाणी ऐकवा, चित्राशिवाय. वस्तऱ्याचं द्वंद्वगीत आणि पायचं गाणं. तो काय बोलतो ते ऐका. "चाल मस्त आहे, पण हे भयंकर आहे" असं काहीतरी त्याच्या शब्दांत आलं, तर पंधराच्या पुढे मी दाखवेन. घरी, रिमोट हाताशी ठेवून, शेजारी बसून. तो मुखवट्यांचा प्रसंग येणार आहे हे मुलींना आणि मुलग्यांना, दोघांनाही आधी सांगून. सोळाचा झाला तरी ज्याला त्यात फक्त कापाकापीची मजा येते त्याला मी थांबवेन. त्याच्यावर चिडून नाही, त्याच्याशी बोलणं अजून बाकी आहे म्हणून. आणि अर्ध्यात बंद करायचा असेल तर लावूच नका. सुडाची झिंग पहिल्या भागात आहे, तिची किंमत शेवटी चुकवावी लागते. रस्त्यावर अधूनमधून दिसणारी भिकारीण म्हणजे त्याचीच बायको होती, हे टॉडला तिला मारून झाल्यावर कळतं. अर्ध्यात उठणारं मूल झिंग घेऊन उठतं.

खालून प्रश्न आलाय, 'तेरा वर्षांच्या मुलाचं काय? तो फार समंजस आहे.' असेल, मी मानते. तरीही नाही. रक्तामुळे नाही, टोबीमुळे. सिनेमातला टोबी साधारण त्याच वयाचा आहे. तो लव्हेटबाईंना गाऊन वचन देतो, मी असेपर्यंत तुम्हाला कुणी हात लावणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तरी ती त्याला तळघरात नेऊन बाहेरून कडी घालते. शेवटी वस्तरा त्या पोराच्या हातात येतो. ज्या बाईला आई मानलं तीच कडी घालते, हे तेरा वर्षांच्या मुलाला तुम्ही त्याच रात्री समजावून सांगू शकाल असं वाटत असेल तर माझा नाइलाज आहे. मला अजून ते नीट समजावता येत नाही, म्हणून मी दोन वर्षं थांबेन.