शेवट ठाऊक असतो, तरीही

“ताई, दूध उतू गेलं बघा.”

नमस्कार श्रोतेहो. खिडकीतून पुस्तक आत सरकवताना एखादी बाई असं म्हणाली, की कादंबरी कशी वाटली हे मी तिला विचारायचेच नाही. उत्तर मिळालेलं असायचं. एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात मी १९८४ पासून बत्तीस वर्षं देवघेव सांभाळली. पुस्तक घ्यायचं, द्यायचं, मागच्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा. काम एवढंच. पण पुस्तक परत करताना माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय जात नाही, आणि ते दोन शब्द फार खरे असतात. त्याला त्यावर लेख लिहायचा नसतो, कुणाची मर्जी राखायची नसते. काल रात्री काय झालं तेवढं तो सांगतो. कुणाचं दूध गेलेलं असतं, कुणाची झोप गेलेली असते. एक गृहस्थ एसटीत वाचता वाचता थेट डेपोपर्यंत गेले. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा त्यांनी मान वर केली. कॉलेजातल्या एका मुलीला घरात रात्री दिवा लावू देईनात, तर रस्त्यावरच्या खांबाचा जो उजेड खिडकीतून आत येतो त्यात पुस्तक धरून तिने शेवटची साठ पानं वाचली. तिची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, असली पुस्तकं देता कशाला मुलींना? आमच्या वाचनालयाचा याहून मोठा सन्मान मला आठवत नाही.

‘खाली ठेववत नाही’ असं आपण म्हणतो. मराठीतला तो मधला ‘व’ मला फार आवडतो. ठेवायचं असतं, उजाडायला आलेलं असतं, सकाळी डबे करायचे असतात, पण हाताला ते जमत नाही.

कुठलं पुस्तक माणसाला असं धरून ठेवतं, हे मला पुस्तकाची कडही सांगायची. वाचनालयातलं जुनं पुस्तक मिटा आणि त्याच्या पानांची कड उजेडात धरा. हात लागून लागून ती काळवंडलेली असते. काही नावाजलेल्या कादंबऱ्यांची कड पहिल्या बोटभर जाडीपर्यंत मळलेली आणि पुढे पांढरी स्वच्छ दिसायची. वीस जणांनी नेली, विसाच्या वीस जण तिथेच थांबले. काही पुस्तकं मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखीच मळकी. हळदीची बोटं, तेलाचे डाग, सुटलेली शिवण, तीन-तीनदा बाइंडरकडे जाऊन आलेली. अशा पुस्तकांची मी एका वहीत यादी ठेवली होती. त्या यादीने माझा एक पक्का समज मोडला.

समज असा होता, की पुढे काय होणार हे माहीत नसतं म्हणून माणूस वाचत राहतो. रहस्यकथा वाचणारे सभासद पाहून तो झाला होता. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांनी कितीतरी मराठी घरांत वाचायची सवय लावली, आणि ते ऋण मोकळेपणाने मानायला आपण अजून कचरतो याचं मला वाईट वाटतं. आमच्याकडे मोटार गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा यायचा. सातवीतच शाळा सुटलेली. सकाळी एक पुस्तक न्यायचा, संध्याकाळी हात पुसत बदलायला हजर. तिथून तो हळूहळू बाकीच्या कपाटांकडे वळला आणि सगळी कपाटं फिरला. त्याला वाचक केलं ते झुंजारने, आमच्या सूचनाफलकाने नव्हे.

पण रहस्यकथेचा जीव एका नावात असतो. कुणीतरी एका पुस्तकाच्या बाराव्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं, ‘खून डॉक्टरने केला.’ हा मुलगा ते पुस्तक उघडं धरून माझ्यासमोर उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खोडरबर घेऊन ती ओळ पुसली. वाचलेलं मात्र कसं पुसणार? ते पुस्तक त्याच्यापुरतं संपलं होतं.

आता माझ्या वहीतली पहिली तीन नावं ऐका. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’. या तिन्हींच्या बाराव्या पानावर कुणी शेवट लिहून ठेवला तर काय बिघडणार आहे?

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची. थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले, हे पुस्तक हातात घेणाऱ्याला शाळेपासून माहीत असतं. विश्वास पाटलांच्या कादंबरीचं तर नावच शेवट सांगतं. आपल्या भाषेत पानिपत होणं म्हणजे धुव्वा उडणं. पोरं क्रिकेटची मॅच हरून आली तरी तोच शब्द वापरतात. १९८८ साली ती कादंबरी आली. आम्ही दोन प्रती घेतल्या आणि त्या कपाटात कधी राहिल्याच नाहीत. नंबर लावून लोक थांबायचे. त्यांत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी पुस्तक परत आणलं तेव्हा म्हणाले, “ताई, १४ जानेवारी १७६१. दरवर्षी तिळगूळ हातात घेतला की मला ती तारीख आठवते. लढाई तोंडपाठ आहे माझी. तरी दुपारपर्यंत मला वाटत होतं, जिंकतोय आपण.”

मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. आणि ते इतिहासालाही धरून आहे. आठवडेच्या आठवडे अब्दालीने रसद तोडलेली, माणसं-जनावरं उपाशी, आणि तशा स्थितीत त्या सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी समोरची फळी फोडली होती. विश्वासरावांना गोळी लागेपर्यंत काहीही घडू शकलं असतं. सुभेदार म्हणाले, त्या पानापाशी त्यांनी पुस्तक मिटलं, अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि मग पुन्हा उघडलं.

शेवट ठाऊक असलेला वाचक ‘पुढे काय’ असं विचारतच नाही, हे मला त्या दिवशी उमगलं. तो प्रत्येक पानावर म्हणत असतो, अजून वेळ आहे, अजून टळेल. आजारी माणसाच्या उशाशी बसलेला माणूस रात्रभर का जागतो? डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, त्याला कळलेलं असतं, तरी त्याला तिथून उठवत नाही.

ही ओढ जुनीच आहे. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमुना आपली कहाणी आपणच सांगते. तिचं लहानपण, लग्न, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि शंकरमामंजींच्या हातून झालेलं तिचं केशवपन. त्या काळच्या वाचकाला यात नवीन काय होतं? तरुण वयात विधवा झालेल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे त्याच्या स्वतःच्या घरात, शेजारच्या वाड्यात त्याने पाहिलं होतं. तरी तो पुढच्या अंकाची वाट बघायचा. घरातली जी बाई कधी तोंड उघडून बोलली नाही, ती इथे दर आठवड्याला बोलत होती. ‘क्रमशः’ हा एवढासा शब्द किती जीवघेणा असतो, हे या आकाशवाणीवर कादंबरीचं वाचन ऐकलेल्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको.

शिवाजी सावंत सत्तावीस वर्षांचे असताना, १९६७ साली, ‘मृत्युंजय’ आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचा हा तरुण मुलगा. कर्णाची गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. सावंतांनी काय केलं, तर ती सहा जणांच्या तोंडी दिली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. जो तो ‘मी’ म्हणून बोलतो. यामुळे एक विलक्षण गोष्ट होते. कुंतीला जे ठाऊक आहे ते ती आपल्याला सांगते, आणि पुढचं पान उलटलं की कर्ण बोलू लागतो, ज्याला ते ठाऊक नाही. आपण मधे अडकतो. दोघांचंही गुपित आपल्याजवळ, आणि आपल्याला बोलता येत नाही.

आमच्या वाचनालयाच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. वर्गणीदार नवऱ्याच्या नावाने, वाचणाऱ्या त्या. त्यांनी मला सांगितलं, “मी मशीन थांबवलं आणि त्या कुंतीला मोठ्यानं म्हटलं, सांग की गं बाई एकदाचं! बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं मी कुणाशी भांडतेय.” कितीतरी समीक्षा वाचल्या मी पुढे. या कादंबरीची पकड कशात आहे हे त्या बाईंइतकं थेट मला कुणी सांगितलं नाही.

दोन वाचकांचं एकमेकांशी बोलणं मात्र मला क्वचितच ऐकायला मिळायचं, कारण वाचनालयात शांतता पाळायची असते. एकदा ती मीच मोडू दिली. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली दोन खंडांत आली. खेड तालुक्यातलं जगबुडीकाठचं तुंबाड आणि तिथल्या खोतांच्या पिढ्या. बँकेतल्या एका कारकुनाने पहिला खंड चार दिवसांत संपवला आणि दुसरा मागायला आला, तर तो एका निवृत्त नर्सबाईंकडे गेलेला. बाई सावकाश वाचणाऱ्या. हा रोज बँक सुटली की यायचा, खिडकीशी उभा राहायचा. आठव्या दिवशी दोघांची गाठ पडली. आधी त्याने जरा घुश्शातच विचारलं, अजून किती पानं राहिलीत? मग दोघं बाकावर बसली आणि खोतांच्या घराबद्दल अशी बोलू लागली, जशी माणसं आपल्या भाऊबंदांबद्दल बोलतात. कोण चुकलं, कुणाला कुणी समजून घेतलं नाही, वाडा उभा राहिला तेव्हा काय होतं आणि पुढे काय झालं. बाई दुसऱ्या खंडातलं सांगत असताना तो कान झाकत नव्हता, उलट ‘मग?’ म्हणून विचारत होता. दिवे घालवायची वेळ झाली तरी दोघं उठेनात. दुसऱ्या दिवशी खंड त्याच्या हातात पडला. सगळं ऐकलेलं असूनही त्याने तोही चार दिवसांत वाचला.

सगळ्यांनाच असं झपाटून वाचणं मानवतं असं नाही. एक शिक्षक मला नेहमी म्हणायचे, “जे पळायला लावतं ते मला नको. मला बसवून ठेवणारं द्या.” ते वर्षातून एकदा तरी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ नेत. १९५५ सालची ती लहानशी कादंबरी. तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि अखेरीस दुष्काळात वाडी रिकामी होते. एवढं छोटं पुस्तक ते पंधरा दिवस ठेवायचे. पान संपलं की पुन्हा तेच वाचायचे म्हणे. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण मला वाटतं, तेही पुस्तक खाली ठेवत नव्हतेच. त्यांची चाल निराळी होती इतकंच.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचं राहिलं. मुदत आठ दिवसांची. आठव्या दिवशी त्या ‘मृत्युंजय’ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, वाढवून द्या. मी शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढवून. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी सहज पुस्तक चाळलं. खुणेला ब्लाउजच्या कापडाची निळी चिंधी घातलेली होती, ती शेवटच्या भागाच्या तोंडाशी. त्या कादंबरीचा शेवटचा भाग श्रीकृष्ण सांगतो. कर्ण तोवर स्वतः बोलत आलेला असतो. आपलं मरण त्याला कसं सांगता येणार?

मी म्हटलं, एवढंच तर राहिलंय. रात्रीतून होईल.

त्या म्हणाल्या, “पंधरा दिवस झाले तिथंच थांबलेय. राहू दे की अजून थोडे दिवस.”

तिसऱ्यांदा मुदत वाढवून देता येत नव्हती. पुस्तकासाठी दोन जण थांबले होते. बाईंनी ते परत केलं आणि चिंधी तशीच आत राहिली. मीही काढली नाही. दोन महिन्यांनी, श्रावणात, शनिवारी त्या आल्या आणि तेच पुस्तक मागितलं. सोमवारी सकाळी मी कुलूप उघडायला गेले तर पायरीवर बसलेल्या होत्या, मांडीवर पुस्तक. डोळे सुजलेले. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. आत जाऊन मी वही उघडली, नाव लिहिलं, पुस्तक जमा केलं.

“दुसरं द्या,” त्या म्हणाल्या. “जाडच द्या.”