निवेदन घेतलं की नाही?

मंत्री दौऱ्यावर आले की विश्रामगृहाबाहेर कागद घेऊन उभी असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पाण्याचं निवेदन, पीकविम्याचं निवेदन. साहेब ते घेतात आणि स्वीय सहायकाकडे देतात. पुढे त्याचं काय होतं हा वेगळा विषय, पण कागद हातात तरी घेतला जातो. तोही घेतला नाही तर काय होतं, हे आजच्या नागालँडची राजधानी असलेल्या कोहिम्याने १९५३ साली पाहिलं.

नागा टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या. ३० मार्चला पंडित नेहरू ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांच्यासह कोहिम्याला आले. मैदानात हजारो नागा जमले होते. स्वतंत्र होण्याची मागणी करणाऱ्या नागा नॅशनल कौन्सिल या संघटनेला निवेदन द्यायचं होतं. जिल्ह्याच्या उपायुक्तांनी ते नाकारलं. पाहुणे आले आणि लोक उठून चालू लागले. दोन देशांचे पंतप्रधान समोर, आणि मैदान रिकामं होत चाललेलं! त्यानंतर धरपकड सुरू झाली, पुढारी भूमिगत झाले, पुढे लष्कर आलं आणि १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा. एका कागदापायी बंड पेटलं असं मी म्हणणार नाही. स्वतंत्र होण्याची मागणी त्याआधीची होती. पण बोलायला आलेली माणसं त्या दिवशी आपण गमावली, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दौरा मणिपूरचा. इंफाळमधला कांगला किल्ला म्हणजे तिथल्या राजांची गादी. १८९१ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, स्वातंत्र्यानंतर तिथे आसाम रायफल्स हे निमलष्करी दल राहिलं. जुलै २००४ मध्ये याच दलाने पकडून नेलेल्या एका तरुणीच्या हत्येनंतर मणिपुरी आयांनी त्याच किल्ल्याच्या दारात विवस्त्र होऊन निषेध केला. नोव्हेंबरात मनमोहन सिंग इंफाळला गेले आणि त्यांनी कांगला मणिपूरच्या स्वाधीन केला. विशेष अधिकारांचा कायदा फक्त इंफाळ शहरापुरता उठला होता, बाकी राहिलाच. तरीही लोकांची एक मागणी दिल्लीने ऐकली होती.

हे सगळं पुण्यापासून लांब नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर अफवा उठल्या, इथे ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले झाले आणि ती पुणे स्टेशनवरून गाड्या भरून गावी निघाली. त्या दिवसांची मला अजून लाज वाटते.

मणिपूर ३ मे २०२३ ला पुन्हा पेटलं, या वेळी मैतेई आणि कुकी या तिथल्याच दोन समाजांमधल्या हिंसाचाराने. अडीचशेहून अधिक माणसं गेली, सुमारे ६० हजार बेघर झाली. पंतप्रधान मोदी तिथे पोहोचले १३ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे सव्वादोन वर्षांनी. इतका उशीर व्हायला नको होता. त्यांनी विस्थापितांची भेट घेतली, हे चांगलंच झालं. पण सभा दोन घ्याव्या लागल्या: कुकींसाठी चुराचांदपूरला, मैतेईंसाठी इंफाळला. मधलं अंतर साठेक किलोमीटर, आणि ते ओलांडून एका समाजाचा माणूस दुसऱ्याच्या सभेला जाऊ शकत नव्हता.