ही नोंद कोणी घेतली?

(दृश्य: मोहोळच्या बाजूचं काळं रान. पहाट. काढणीला आलेली ज्वारी, पाखरांचा कलकलाट.)

निवेदन :
फेब्रुवारी सरत आलाय. हुरड्याचे दिवस मागे पडले. कणसं भरली, ताटं वाळायला लागली. या पिकानं शेवटचा चांगला पाऊस पाहिला त्याला चार महिने होऊन गेलेत. रब्बीची ज्वारी पावसापेक्षा ओलीवर जगते. पावसाळ्यात काळ्या मातीनं जे पाणी पोटात धरून ठेवलं, त्यावरच तिचं पुढचं सगळं. म्हणून सोलापूरच्या शेतकऱ्याला रानात ओल किती आहे हे कळावंच लागतं. तो ढेकूळ उचलतो, मुठीत दाबतो आणि सांगतो.

हाताला कळलेली ती ओल आकड्यात मांडायची आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला जशीच्या तशी कळवायची, तर काय करावं लागतं, ते या फिल्ममध्ये पाहू.

(दृश्य: मामा ऑगर फिरवून जमिनीतून माती काढताहेत. ताई वही घेऊन शेजारी बसल्यात.)

निवेदन :
या ताई पीएच.डी. करतात. तीन हंगाम झाले, या रानातल्या ज्वारीच्या मुळांशी किती ओल उरते याची त्या नोंद ठेवतात. माती काढणारे मामा मात्र त्यांच्या आधीपासून इथे आहेत. इथल्या कुठल्या वाफ्यात पाणी थांबतं आणि कुठल्या कोपऱ्यात भेगा आधी पडतात, हे त्यांना पाठ आहे.

(दृश्य: अगदी जवळून. अॅल्युमिनियमची डबी, झाकणावर ठोकलेला नंबर.)

निवेदन :
वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती एका डबीत. पंधरा ते तीसची दुसऱ्या डबीत. झाकण लगेच लावायचं, कारण डबी उन्हात जरा वेळ उघडी राहिली तरी वजन उतरतं. मग प्रयोगशाळेत ओल्या मातीचं वजन करायचं. त्यानंतर ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास. बाहेर काढून, थंड करून पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी.

समजा, ओली माती १०० ग्रॅम भरली आणि वाळून ८० राहिली. पाणी निघालं २० ग्रॅम. आता सांगा, ओल किती टक्के?

ओल्या वजनाच्या मानानं २०. कोरड्या वजनाच्या मानानं २५. माती तीच, डबी तीच, ओव्हनही तोच. मातीचा अभ्यास करणारे कोरड्या वजनावर टक्के काढतात, पण तसं कुठे लिहिलेलंच नसेल तर पुढच्या माणसानं काय समजायचं? गोष्ट इथेही थांबत नाही. पिकाला किती पाणी मिळालं हे पावसासारखं मिलिमीटरमध्ये सांगायचं, तर मातीची घनता, म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम कोरडी माती बसते, ती लागते. घनता १.२ धरली तर वजनाचे २५ टक्के आकारमानाचे ३० टक्के होतात. तीस सेंटिमीटरच्या थरात ते झालं ९० मिलिमीटर पाणी. कुणी घनता विसरून २५ टक्केच धरले, तर ७५. मध्ये पंधरा मिलिमीटर कुठच्या कुठे गेले. दाणा भरायच्या वेळी पंधरा मिलिमीटरची सर पडली तर हे रान काय म्हणेल, ते इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

फाइलमधल्या रकान्यावर लिहिलेलं असतं नुसतं 'ओल'.

(दृश्य: जुन्या नोंदवह्यांची पानं. शाई फिकट झालेली.)

निवेदन :
सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं केंद्र १९३३ साली सुरू झालं. आज महाराष्ट्रभर ओळखली जाणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारी १९३० च्या दशकात मोहोळला निवडीतून तयार झाली, आणि अजून ती पेरली जाते. इतकी वर्षं या जिल्ह्यात कुणी ना कुणी ताटं मोजतंय, कणसं तोलतंय, माती वाळवतंय. हवामान बदलतंय अशी चर्चा आज सगळीकडे आहे. त्या चर्चेत सोलापूरच्या रानानं काही सांगायचं असेल, तर ते या जुन्या आकड्यांतूनच सांगता येईल.

पण आकडे उरले म्हणजे अर्थ उरलाच असं नाही. या फिल्मच्या तयारीत आम्हाला एका ठिकाणी जुन्या प्रयोगाची एक सीडी मिळाली. ती चालली, फाइल उघडलीही. एकशे ऐंशी ओळी, नऊ रकाने. रकान्यांवर टी १, टी २, टी ३ असं लिहिलेलं. टी म्हणजे काय? कुणी म्हणालं खताच्या मात्रा, कुणी म्हणालं पेरणीच्या तारखा. ज्यांनी तो प्रयोग केला ते निवृत्त होऊन गेले, आणि त्यांचा फोन आता दुसराच कुणी उचलतो. चार-पाच वर्षांची कुणाची तरी मेहनत आमच्या समोर स्क्रीनवर होती, आणि तिचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही. वाईट वाटलं. अजून वाटतं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ शोधनिबंधांमागचा डेटा अजून मिळतो का, हे कॅनडातल्या संशोधकांनी तपासलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. निबंधाचं वय वर्षानं वाढलं की डेटा हाती लागण्याची शक्यता त्यांच्या हिशेबानं १७ टक्क्यांनी घटते. लेखकांचे ईमेल बंद पडलेले होते. डेटा अशा डिस्कवर होता, की ती वाचणारं यंत्रच कुणाकडे उरलं नव्हतं.

(दृश्य: बियाण्याची पिशवी. तिच्यावर शिवलेली चिठ्ठी जवळून.)

निवेदन :
आपण बियाणं घेतो तेव्हा पिशवीवरची चिठ्ठी बघतो. जात कुठली, लॉट नंबर काय, उगवण किती टक्के, तपासणी कधीची. चिठ्ठी नसलेलं बियाणं कितीही टपोरं असलं तरी शहाणा शेतकरी ते पेरत नाही. डेटाच्या चिठ्ठीला मेटाडेटा म्हणतात.

(दृश्य: विद्यापीठातली छोटी खोली. ताई लॅपटॉपसमोर. बाजूला मामांच्या हातची वही.)

निवेदन :
ही चिठ्ठी लिहायला आता ऑनलाइन साधनं आहेत. ताई वापरतात त्याचं नाव ईझीईएमएल. अमेरिकेतल्या एन्व्हायर्न्मेंटल डेटा इनिशिएटिव्ह या संस्थेनं पर्यावरणाच्या अभ्यासकांसाठी ते बनवलंय. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे पडत नाहीत. साधन एकेक प्रश्न विचारत जातं, आपण उत्तरं भरत जायचं, आणि शेवटी ते सगळं यंत्राला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात बसवून देतं. शीर्षक, संशोधक, गोषवारा, वापराचे हक्क हे भरायला वेळ लागत नाही. खरी परीक्षा पुढे आहे.

पहिला प्रश्न, जागा कुठली?

सोलापूर शहर साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर आणि ७५ अंश ५४ मिनिटं पूर्व. साधन मागतं दशांशात. घाईत १७.४० असं लिहिलं जातं. पण अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. ४० मिनिटं म्हणजे ०.६७. इथे चूक झाली की रान तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं. आणि अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर आपलं सोलापूर थेट आर्क्टिक महासागरात, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला जाऊन पडतं. म्हणून जागा भरली की ताई ती नकाशावर टाकून बघतात.

जागेबाबत एक उलटी गोष्टही इथेच सांगायला हवी. याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. अशा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची जागा कुणी दशांशाच्या सहा आकड्यांपर्यंत नेटवर टाकली, तर शिकाऱ्याला आणि फोटोसाठी धावणाऱ्याला वाटच दाखवल्यासारखं होईल. तिथे जागा मुद्दाम ढोबळ द्यायची पद्धत आहे, आणि ती ढोबळ केली आहे हेही मेटाडेटात लिहायचं असतं.

(दृश्य: स्क्रीन. तक्त्याचे रकाने एकामागून एक.)

निवेदन :
पुढे येतात रकाने. प्रत्येक रकान्यापुढे विचारलेलं असतं, हा आकडा कशाचा, एकक काय, रिकामी जागा असेल तर ती का. या शेवटच्या प्रश्नाला आपण फार हलकं घेतो. वाफ्यात ताटच उगवलं नाही, तर उत्पादन शून्य. ताटं उगवली, पण कणसं डुकरांनी खाल्ली, तर ते शून्य नव्हे, ती नोंद गेली. आणि त्या दिवशी कुणी तोललंच नाही, ही तिसरी तऱ्हा. फाइलमध्ये तिन्ही ठिकाणी एकच शून्य पडलं, की सरासरीच खोटी पडते.

वाफ्यांचे नंबर लिहिण्यातही असंच. दुसरी पट्टी, तिसरी ओळ, म्हणून ताईंनी लिहिलं २-३. एक्सेलनं त्याचं केलं २ मार्च. हसू येईल, पण याच सवयीपायी जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांच्या याद्या बिघडल्या. मार्च आणि सेप्ट अशी नावं असलेली जनुकं तारखा होऊन बसली, आणि २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं ती नावंच बदलल्याचं जाहीर केलं. ताईंनी आता वाफ्याच्या नंबराआधी 'वाफा' असा शब्द जोडलाय. एक्सेल गप्प बसलं.

(दृश्य: पर्जन्यमापक. मामा मोजपात्रात पाणी ओतून डोळ्यांच्या पातळीवर धरतात.)

निवेदन :
आणि तारीख. साधन म्हणतं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे ०५-०२ हा पाच फेब्रुवारी की दोन मे, हा वाद उरत नाही. पण तारखेचा एक पेच कुठल्याही साच्यात बसत नाही. पाऊस मोजतात सकाळी साडेआठला. मागच्या चोवीस तासांत पडला तो सगळा आजच्या तारखेवर चढतो. काल रात्री नऊला धो धो कोसळला, तरी वहीत तो आजचा. शेतकरी म्हणतो काल पडला, वही म्हणते आज. दोघंही खरं बोलतात. हे मोकळ्या वाक्यांत लिहावं लागतं, आणि त्यासाठी साधनात एक मोठी रिकामी चौकट असते. तिचं नाव 'पद्धती'.

बहुतेक जण ती चौकट दोन ओळींत उरकतात. 'प्रमाणित पद्धतीनुसार नमुने घेतले.' आमच्या मते अख्ख्या फॉर्ममधली सगळ्यात मोलाची जागा हीच आहे. कोरड्या वजनावर टक्के काढले की ओल्या, घनता मोजली की पुस्तकातून घेतली, ऑगर भेगेत घातला की भेग टाळून, हे सगळं इथे यायला हवं. आणि यातली निम्मी उत्तरं ताईंकडे नाहीत.

(दृश्य: मामा खोलीत येतात. दारातच चप्पल काढतात. ताई खुर्ची पुढे करतात.)

निवेदन :
म्हणून आज ताईंनी मामांना बोलावून घेतलंय. फॉर्ममध्ये संशोधकांच्या नावांखेरीज आणखी एक जागा असते, कामात हातभार लावणाऱ्यांची. नाव लिहायचं, आणि काम काय केलं तेही. जगभर डेटाला कायमचा क्रमांक देणाऱ्या डेटासाइटच्या आराखड्यात तर 'डेटा गोळा करणारा' असा वेगळा प्रकारच आहे. ही जागा बहुधा रिकामी सुटते. शोधनिबंधाच्या शेवटी फार तर 'क्षेत्र कर्मचाऱ्यांचे आभार' एवढं असतं.

ताई विचारतात, "मामा, तुमचं आडनाव इंग्रजीत कसं लिहू? आधार कार्डावर आहे तसं?"

(दृश्य: स्क्रीनवर मामांचं नाव एकेका अक्षरानं उमटतं. मामा चष्मा पुढे-मागे करून वाचतात.)

निवेदन :
मामा नाव वाचतात. मान हलवतात. मग नजर खाली तक्त्यावर जाते, आणि एका ओळीवर ते बोट ठेवतात.

"ताई, ही चौदा जानेवारी कशी काय?"

"का? ठरल्याप्रमाणे चौदालाच होती ना माती काढायची?"

"चौदाला गड्ड्याची यात्रा होती की! आम्ही सगळे सोलापुरात, नंदीध्वजांच्या मागं. माती सोळाला सकाळी काढली. कागदावर तारीख तुम्ही आधीच छापून दिलेली, मी नुसती वजनं भरली."

(दृश्य: होम मैदान, गड्ड्याची गर्दी. काही क्षण. पुन्हा खोली.)

निवेदन :
ताई काही बोलत नाहीत. प्रयोगशाळेची ओव्हनची नोंदवही काढतात. डब्यांचे नंबर जुळवतात. डब्या ओव्हनमध्ये गेल्याची तारीख आहे १६ जानेवारी, दुपारी साडेबारा. दाणा भरायचे दिवस, अंगावर येणारं ऊन, आणि मध्ये दोन दिवस. तेवढ्यात त्या थरातून पाणी गेलेलं असणार, आणि आकडा दोन दिवस आधीचा म्हणून बसलेला.

त्या तारीख बदलतात. मग 'पद्धती'च्या चौकटीत जातात आणि टाइप करतात. 'जानेवारीचे नमुने नियोजित तारखेला घेता आले नाहीत. स्थानिक यात्रेमुळे ते १६ तारखेला सकाळी घेतले. छापील नोंदपत्रावर जुनी तारीख होती, ती ओव्हनच्या नोंदवहीवरून आणि नमुने घेणाऱ्यांच्या सांगण्यावरून दुरुस्त केली.'

मामा उठायला लागतात. ताई त्यांना हातानं थांबवतात.

"मामा, मागच्या वर्षी पण असंच?"

"मागल्या वर्षी बी गड्डा होताच की."

(दृश्य: ताई मागच्या हंगामाची फाइल उघडतात. मामा परत खुर्चीवर बसतात आणि वही पुढे ओढतात.)