घोड्याचा आडोसा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या सुमारास आपल्या अकलूजला घोडेबाजार भरतो. घोडी घ्यायला आलेला माणूस तिचे दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, चालवून बघतो आणि मग सौदा करतो. तिला घरी नेऊन ठेवायचं कुठं, हे मात्र बरेचदा ठरलेलं नसतं. मग म्हशींच्या गोठ्यातला एखादा कोपरा तिच्या वाट्याला येतो, नाहीतर चारी बाजूंनी पत्रा ठोकलेली खोली.

मीही आधी तशीच खोली केली होती. जनावर चोरापासून, कुत्र्यांपासून सांभाळलं जाईल, एवढाच विचार. एप्रिलमधल्या एका दुपारी मळ्यात गेलो, तर घोडी दारातल्या आडव्या बांबूवरून मान बाहेर काढून उभी. नाकपुड्या फाकलेल्या, बरगड्या भराभर हलत होत्या, छातीवर घाम वाळून मिठासारखा पांढरा थर धरलेला. आत पाऊल टाकलं आणि मुताच्या वासानं माझे डोळे चुरचुरले. ती रात्रंदिवस त्याच हवेत श्वास घेत होती. तिचा खोकला का जात नव्हता, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. संध्याकाळी समोरची भिंत काढून टाकली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, घोड्याला आडोसा करा. तीन बाजू बंद, चौथी सगळी उघडी. त्याला वाटेल तेव्हा आत येईल, वाटेल तेव्हा बाहेर जाईल.

उघडी बाजू आपल्याकडं पूर्वेला ठेवावी. उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून भाजतं, आणि मृगानंतरचा वाराही पश्चिम-नैर्ऋत्येचाच. पाठ तिकडं केली की दोन्ही अडतात. सकाळचं ऊन समोरून आत येतं, रात्रीची ओल सुकते. पण आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, आणि तो कधी कधी पूर्वेकडूनही मारतो. म्हणून छप्पर पुढं तीन फूट जास्त काढा.

एका घोड्याला 12 बाय 12 फूट जागा पुरते, दोघांना 12 बाय 24 धरा. छप्पर एकपाखी, पुढं 11 फूट उंच, मागं 9. उतार मागं असला की पागोळ्या तोंडाशी पडत नाहीत. दोन घोड्या असतील तर तोंड अरुंद ठेवूच नका. त्यातली एक दांडगी असतेच. ती वाटेत उभी राहते आणि दुसरी एकतर आत कोंडून लाथा खाते, नाहीतर बाहेर उन्हात ताटकळते.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात नुसता गाडलेला खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, निदान तीन फूट, आणि काँक्रीट भरा. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, तेव्हा हुकाचे बोल्ट घालताना हात आखडू नका. पत्रा तापू नये म्हणून वरून चुना मारा आणि खाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधा. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फूटभर फट राहू द्या, गरम हवा तिथून निघून जाते.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट. भिंतीचा पत्रा जमिनीपर्यंत आणू नका. घोडी लोळते, उठताना पाय झाडते, आणि पाय पत्र्याच्या कडेखाली गेला की कातडी सुरीनं कापल्यासारखी फाटते. खालचे चार फूट दगडी भिंत घ्या, नाहीतर आतून बाभळीच्या जाड फळ्या मारा.

खाली फरशी नको. शहाबादी आपल्याकडं सहज मिळते, पण नाल मारलेलं घोडं ओल्या फरशीवर घसरतं. नऊ इंच मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं चोपून घ्या. शेणामुताच्या चिखलात उभं राहून खुराच्या तळव्याचा मऊ भाग कुजतो. नखाएवढी काळी भेग दिसते आणि सडका वास येतो. लीद रोज सकाळ-संध्याकाळ उचला. पाण्याचं टाकं आडोशाबाहेर, पण सावलीत ठेवा. उन्हाळ्यात एक घोडं दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितं.

शेजारी कडुलिंब लावा. शोभेसाठी कण्हेर मात्र लावू नका, असेल तर उपटून टाका. तिची थोडीशी पानंसुद्धा, अगदी वाळलेलीही, घोड्याचा जीव घेतात.

पहिल्या पावसात तुमची घोडी आडोसा सोडून बाहेर, वाऱ्याकडं शेपूट करून भिजत उभी दिसेल. तिला ओढून आत नेऊ नका. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, गोमाशा उठल्या, की ती आपल्या पायांनी आत येऊन उभी राहील.

नमस्कार.