साहेबांच्या नावाने कोण लिहितं?

नमस्कार श्रोतेहो.

उद्योग चालवणाऱ्या माणसाने स्वतःचा ‘पर्सनल ब्रँड’ घडवावा, हा सल्ला हल्ली उठता-बसता मिळतो. मग एजन्सी नेमली जाते, हाताची घडी घालून फोटो निघतो आणि लिंक्डइनवर रोज सकाळी एक सुविचार पडतो. आपल्या नावाने आज काय लिहून आलंय, हे कधीकधी साहेबांनाच हाताखालच्या माणसाकडून कळतं!

फोटोला माझी हरकत नाही. पण लोक साहेबाला जोखतात ते वेगळ्याच गोष्टीवरून. अडचण आली की हा माणूस काय करेल, याचा अंदाज त्यांना बांधता येतो का?

१९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं. सात माणसं दगावली. ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरच्या घरातला खर्च सोसला आणि टीव्हीवर स्वतः प्रश्नांना तोंड दिलं. पुढे तेच औषध नव्या, सहज उघडता न येणाऱ्या वेष्टनात आलं आणि लोकांनी ते पुन्हा घेतलं. बर्क यांच्यामागे प्रतिमा घडवणारी फौज नसती, तरी चाललं असतं.

आता उलटा मासला बघा. जेराल्ड रॅटनर हे ब्रिटनमधल्या स्वस्त दागिन्यांच्या मोठ्या दुकानसाखळीचे प्रमुख. दुकानांवर पाटी त्यांच्याच आडनावाची. एप्रिल १९९१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, उद्योजकांनी भरलेल्या सभेत त्यांनी विनोद केला. आम्ही सुरई, सहा पेले आणि तबक असा संच ४ पौंड ९५ पेन्सला देतो; लोक विचारतात, इतकं स्वस्त कसं परवडतं? मी सांगतो, कारण माल अगदी टाकाऊ आहे! सभागृहात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तो ग्राहकांपर्यंत पोचवला आणि ग्राहकांना काही हसू आलं नाही. शेअर कोसळला, पुढच्या वर्षी रॅटनर यांना कंपनी सोडावी लागली आणि १९९३ मध्ये कंपनीने नावच बदललं. मला यात खटकतो तो विनोद नव्हे. ज्यांच्या पैशावर दुकान चाललं, त्यांनाच त्यात हसलं गेलं.

‘हे माझं वैयक्तिक मत’ अशी ढालही फारशी उपयोगी पडत नाही. टेस्ला खासगी करण्यासाठी, म्हणजे कंपनी शेअर बाजारातून काढून घेण्यासाठी, पैशाची सोय झाली आहे, असं एलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये ट्वीट केलं. हे विधान दिशाभूल करणारं आहे, असा आरोप अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने केला. त्याच्याशी तडजोड करताना त्यांना आणि कंपनीला प्रत्येकी २ कोटी डॉलर भरावे लागले, शिवाय त्यांचं अध्यक्षपदही गेलं.

मग लिहायचं काय? व्याकरण तपासायला माणूस ठेवा, खुशाल ठेवा. मजकूर मात्र स्वतःचा हवा. बंद केलेल्या एखाद्या उत्पादनाबद्दल लिहा. पैसा किती बुडाला, कुणाचा इशारा कानाआड केला, त्या कामावरच्या लोकांना पुढे कुठे सामावून घेतलं, हे सगळं सांगा. आणि प्रसिद्ध करण्याआधी तो कागद त्याच लोकांना वाचायला द्या. ‘साहेब, असं झालं नव्हतं,’ असं त्यातल्या एकाने जरी म्हटलं, तरी पुन्हा लिहायला तुम्हीच बसा.

नमस्कार.